पाण्याची मूठ

पानआळी, ता. वसई, जि. ठाणे
१८ सप्टेंबर १९८३

प्रिय सेलिन,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर ओळखून पाकीट उशाखाली सारू नकोस, काम तातडीचं आहे. आपला टेनिस क्लब सरकारदरबारी नोंदवायचा आहे. मुंबईच्या जिमखान्यांनी आता नियम काढलाय की स्पर्धेत मुलं पाठवायची तर क्लब नोंदणीकृत हवा. अर्जासोबत 'संस्थेचा संक्षिप्त इतिहास, एक पान' जोडायचा आहे. आता मी पडलो शाळेत मराठी शिकवणारा, शिवाय बारा वर्षं क्लबचा चिटणीस. माझं अकरावं पान चालू आहे आणि अजून आपण १९७३ सालातच आहोत. बायको म्हणते, पेशव्यांनाही एवढी पानं मिळत नाहीत.

सुरुवात अशी केलीय, वाचून बघ:

'सन १९७१ साली श्री. मायकल लोपीस हे मुंबईच्या एका जिमखान्यातून मुदपाकखान्याचे भांडारी म्हणून निवृत्त होऊन गावी परतले. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल त्यांना एक घड्याळ मिळाले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या नऊ रॅकेटी व एक पोतं जुने बॉल त्यांनी स्वतः मागून घेतले. घड्याळ महिन्याभरात बंद पडले. टेनिस त्यांनी कधी खेळलेले नव्हते, परंतु खिडकीतून चाळीस वर्षे पाहिलेले होते. कोर्टासाठी श्री. आत्माराम राऊत (प्रस्तुत चिटणिसाचे वडील) यांनी आपल्या राजेळी केळीच्या बागेतील एक तुकडा दिला व आखणी स्वहस्ते केली. जाळे अर्नाळ्याच्या एका कोळणीकडून विणून घेतले. ते पाण्यात टाकायचे नाही हे ऐकून बाई म्हणाली, "पान्यात टाकायचा नाय तं जालं कशाला पायजे?" तरी तिने ते विणले.'

घड्याळाचं वाक्य काढू का? मायकलकाका असते तर म्हणाले असते, ठेव. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

पुढे लिहिलंय, 'सन १९७४ च्या जानेवारीत क्लबच्या सर्वोत्तम खेळाडू कु. सेलिन डाबरे यांनी मुंबईत मुलींच्या स्पर्धेत भाग घेतला.' इथे माझं पेन अडलंय. तो परिच्छेद तू लिहून पाठव. चार ओळी पुरे.

आणि आनंदाची बातमी. आग्नेलची फ्लॉसी, तुझी भाची, आता मला सहज हरवते. पंधराव्या वर्षी तिचा हात काय चालतो म्हणून सांगू! येत्या जानेवारीत तिला त्याच स्पर्धेला पाठवायचं म्हणतोय. तुझा भाऊ आधी कुरकुरला, मग हो म्हणाला. बडोद्याला पाऊस थांबला का? इथे कोर्टवर अजून घोट्याएवढं पाणी आहे आणि त्यात म्हशी बसतात.

तुझा,
हरेश्वर

*

बडोदे
२९ सप्टेंबर १९८३

प्रिय हरेश्वर,

नमस्कार. तुझं पत्र रात्रपाळी संपवून आले तेव्हा मिळालं. घड्याळाचं वाक्य ठेव.

चार ओळी मागितल्यास, घे. मी पहिल्याच फेरीत ६–०, ६–१ अशी हरले. माझे त्रेचाळीस बॉल बाहेर गेले. खुर्चीवर बसलेल्या बाई दर वेळी 'आउट' म्हणत होत्या आणि शेवटी शेवटी त्यांनाच माझी दया येऊ लागली होती. सामना संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून 'वेल ट्राइड, डिअर' म्हटलं. हे इतिहासात घालणार असशील तर घाल.

मला अजून कळलेलं नाही, हरेश्वर, की झालं काय. गावात मी चेंडू मागच्या रेषेवर ठेवायचे. मायकलकाका रेषेवर नारळाची करवंटी ठेवायचे आणि मी ती उडवायचे. मग तिथे एकही का पडू नये? तू त्या दिवशी परत येताना म्हणालास, नवे बॉल जास्त उडतात. आई म्हणाली, अनवाणी खेळणाऱ्या पोरीला बूट घातल्यावर दुसरं काय होणार. फादर म्हणाले, परमेश्वराची इच्छा. आणि आळीतल्या बायका म्हणाल्या ते तुला ठाऊकच आहे, की गुडघे उघडे टाकून मुंबईला गेली आणि नाक कापून आली. मी मात्र समजले, की माझा हातच खोटा आहे. गावात चालतो, बाहेर चालत नाही. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजचा भरलेला फॉर्म मी त्याच आठवड्यात चुलीत घातला. नर्सिंगची मला खंत नाही, काम मला आवडतं. पण मी इथे पळून आले, हेही खरं आहे.

म्हणून आग्नेलला मी आजच लिहिलंय, की फ्लॉसीला पाठवू नकोस. गावात खेळू दे, हसू दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला शिकवायची हौस आहे, पण मार खायला दुसऱ्याची मुलगी उभी राहते.

आत्मारामबाबांना माझा नमस्कार सांग.

सेलिन

*

पानआळी
९ ऑक्टोबर १९८३

प्रिय सेलिन,

तुझं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी आग्नेलला आलेलं. तुझा भाऊ संध्याकाळी टोपी हातात घेऊन माझ्या ओटीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, सेलिन नको म्हनते. आमच्या घरात ती शिकलेली. तिचा शब्द मी मोडनार नाय." तुझा शब्द म्हणजे त्याच्या घरात पोपचं फर्मान.

फ्लॉसी भांडली नाही, हेच वाईट. रोज शाळा सुटल्यावर कोर्टवर येते, माती दाबायच्या रुळावर बसते आणि आम्ही माती चोपतो ते बघते. मदत कर म्हटलं तर करते. रॅकेट मात्र घरी ठेवून येते.

सेलिन, तू एकदा मागे घे. फ्लॉसीची गोष्ट वेगळी आहे. ती तुझ्यासारखी नाही. बूट घालूनच खेळते, नव्या बॉलनी खेळते. आणि तेव्हाचं कोर्ट वेगळं, आताचं वेगळं. तुझ्या वेळी आम्हाला काय कळत होतं? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत. मायकलकाकांना नियम पाठ होते, पण खिडकीतून पाहिलेले. गुण तर असे मोजायचे की 'पंधरा, तीस, चाळीस' म्हणताना पुढचं 'पन्नास' गिळल्यासारखं तोंड करायचे.

इतिहास पंधराव्या पानावर गेला. १९७४ कोरंच ठेवलंय. स्पर्धेचा फॉर्म भरायची मुदत पंधरा डिसेंबर आहे. दोन महिने आहेत. विचार कर.

बाबा बरे आहेत. पंचाहत्तरी उलटली तरी काठी घेऊन बागेत फिरतात. तुझा नमस्कार सांगितला तर म्हणाले, "डाबऱ्याची सेलिन? ती करवंटी फोडायची ती?"

तुझा,
हरेश्वर

*

बडोदे
२० ऑक्टोबर १९८३

हरेश्वर,

ती माझ्यासारखी नाही म्हणजे काय? मी कशी होते? हे एकदा नीट लिही. नऊ वर्षं माझ्याशी गोड बोलत आलास आणि मनात हेच होतं का, की सेलिनमध्ये काहीतरी कमी होतं? होतं तर म्हण. मी रोज माणसं मरताना बघते, एवढ्यानं मला चक्कर येणार नाही.

आणि दुसरं. 'तेव्हाचं कोर्ट वेगळं, आताचं वेगळं' असं तू लिहिलंयस. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. कोर्ट वेगळं कसं? तीच माती, तोच रूळ, तेच कोळणीचं जाळं. तू दहा शब्दांच्या जागी शंभर लिहितोस, पण खोटं लिहायला लागलास की त्या शंभरात विनोद फार होतात, हे मला चौथीपासून माहीत आहे. या पत्रात विनोद फार होते.

काय वेगळं होतं?

सेलिन

*

पानआळी
८ नोव्हेंबर १९८३

प्रिय सेलिन,

दिवाळी झाली. तुमच्या मृतांच्या सणाला, दोन तारखेला, मी स्मशानभूमीत गेलो होतो. मायकलकाकांच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली आणि त्यांना म्हटलं, आता सांगतो. मग आठवडाभर धीर झाला नाही. आज लिहितोय.

तुझा हात खोटा नव्हता. कोर्ट लांब होतं.

१९७६ सालच्या ऑक्टोबरात रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले होते. त्यांचा पोलादी टेप शाळेत ठेवायचे. एका दुपारी मी गंमत म्हणून तो कोर्टवर नेला. जाळ्यापासून मागची रेषा एकोणचाळीस फुटांवर हवी. आपली निघाली चाळीस फूट नऊ इंचांवर. मला वाटलं मीच चुकलो. तीनदा मोजलं. दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट जास्त. सर्व्हिसची रेषाही जवळजवळ वीतभर मागे.

घरी येऊन बाबांना विचारलं, कोर्टाचं न सांगता, की केळीची ओळ कशी मोजता. त्यांनी काठी घेऊन दाखवलं. काठी ठेवायची, तिच्या टोकाला मूठ टेकवायची आणि मुठीच्या पुढून दुसरी काठी धरायची. ती पाण्याची मूठ. पाटाचं पाणी खेळायला आणि खोड फुगायला तेवढी जागा सोडावी लागते, नाहीतर बाग दाटते. तुझे वडीलही असंच मोजायचे, माझे आजोबाही. मोजायला बसलं की मूठ आपोआप टेकते, कोणाला वाटतही नाही की आपण काही जास्तीचं घातलं. बाबांची काठी साडेसहा फुटांची. एकोणचाळीस फूट म्हणजे बरोबर सहा काठ्या. त्यांनी सहा मोजल्या आणि सहा मुठी टेकवल्या. मायकलकाका दुसऱ्या टोकाला दोरी धरून मोठ्यानं आकडे म्हणत होते. आळीतली निम्मी माणसं बघायला उभी होती, सगळी बागायतदार. कोणाला चूक दिसलीच नाही, कारण सगळ्यांच्या मते ते बरोबरच मोजत होते.

त्या कोर्टवर तू तीन वर्षं रोज खेळलीस. तुझ्या हाताला ती रेषा पाठ झाली. मुंबईला गेलीस तेव्हाही तू चेंडू बरोबर आपल्याच रेषेवर ठेवत होतीस, सेलिन. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. फक्त तिथली रेषा अलीकडे होती.

मी का बोललो नाही, ते आता सांगतो, आणि ते चांगलं कारण नाही. गावात बांधाचा तंटा झाला की बाबांना बोलावतात. त्यांनी काठी टाकली की दोन्ही पक्ष घरी जातात. आत्मारामची काठी चुकली, असं एकदा फुटलं असतं तर वीस वर्षांचे बांध उकरले गेले असते. शिवाय ते कोर्ट त्यांना पोटच्या पोरासारखं. तोवर तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. मी तुला एक पत्र लिहिलं आणि फाडलं. मग दुसरं लिहिलं नाही. एक वर्ष गेलं की पुढचं वर्ष सोपं जातं. भित्रेपणाचं तेच सुख आहे.

मी एवढंच केलं, की दर पावसाळ्यानंतर रेषा नव्यानं मारायच्या वेळी मागची रेषा चार बोटं आत घेतली. एका वर्षाला चार बोटं कोणाच्या लक्षात येतात? सात वर्षं लागली. गेल्या वर्षी कोर्ट बरोबर एकोणचाळीस फुटांवर आलं. जुने गडी कुरकुरत होते की हल्ली बॉल फार बाहेर जातो, वय झालं. मी मान डोलवत होतो. फ्लॉसी त्या आकसत्या कोर्टवर मोठी झाली, आणि गेलं वर्षभर ती अस्सल मापावर खेळतेय. ती तुझ्यासारखी नाही असं मी लिहिलं ते याच अर्थानं. हात अगदी तुझ्यासारखाच आहे.

मला शिव्या घाल. पण तिला अडवू नकोस.

हरेश्वर

*

पानआळी
४ डिसेंबर १९८३

प्रिय सेलिन,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. रागावायचा तुला हक्क आहे आणि गप्प बसायचाही आहे. मी काही मागायला लिहीत नाही. फक्त कळवतो, की बाबांना सांगितलं.

जेवण झाल्यावर ओटीवर बसले होते. सगळं ऐकून त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "रेघ आत येते ते मना ठाऊक हाय." मी उडालोच. म्हणाले, "दरसाल चार बोटं. माझी नजर काय मेली नाय अजून. मी समजलो, पोरगा म्हातारा होत चालला, धावायला होत नाय, म्हणून कोर्ट लहान करतो. म्हटलं, असू दे, बापानं कशाला लाजवायचा?"

सात वर्षं आम्ही दोघं एकमेकांची अब्रू झाकत बसलो होतो.

मग तुझं नाव निघालं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या पोरीला कोणी सांगितलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, महिन्यापूर्वी, मीच. तर म्हणाले, महिन्यापूर्वी? आणि मग मला जे ऐकावं लागलं ते मी तिसावं उलटल्यावर पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या ओट्यावर जाऊन त्यांनी चारचौघांत स्वतःच सांगितलं, की केळीचं माप आपण खेळाला लावलं. मी ज्याला घाबरलो होतो ते काहीच झालं नाही. एकानेही बांध उकरला नाही. लोक म्हणाले, केळीला मूठ लागतेच, त्यात आत्मारामभाऊंची काय चूक. मग सगळ्यांनी मिळून मलाच धुतलं.

खालचा मजकूर त्यांनी सांगितला तसा लिहितो.

'सेलिनबाय, आत्मारामचा आशीर्वाद. काठी माझी, मूठ पण माझी. केळीला लागते ती खेळाला लागत नाय, हे मना कोणी सांगितला नाय आणि मी विचारला नाय. विचारायला पायजे होता. तू हरून आली तवा मी बागेच्या कुडाआड उभा होतो. तुझा तोंड बघून मी म्हटला, पोर दमली. तू दमली नव्हती, तुला फसवला होता, आणि तो मीच. माफी मागायला मना लाज नाय वाटत. माझा पोरगा शिकलेला हाय म्हणून त्याला वाटते. घरी ये. तुझा कोर्ट हाय.'

मुदत पंधरा तारखेची आहे. मी आठवण करून देत नाही, फक्त तारीख लिहितो.

हरेश्वर

*

बडोदे
९ डिसेंबर १९८३

हरेश्वर,

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी वॉर्डात वाचलं आणि माझ्या हातातून औषधांचा ट्रे पडला. बारा वर्षांच्या नोकरीत... नाही, एवढी वर्षं झाली नाहीत, पण जितकी झाली तितक्यांत पहिल्यांदा. मेट्रन म्हणाली, सिस्टर डाबरे, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं, हो.

सात वर्षं तुला माहीत होतं. सात नाताळांना मी गावी आले. तुझ्या घरी बसून तुझ्या बायकोच्या हातचे लाडू खाल्ले. तू दर वेळी विचारलंस, 'येतेस का दोन डाव?' आणि मी नाही म्हटल्यावर तू हसून दुसरा विषय काढलास. एकदाही तोंड उघडलं नाहीस. रेषा चोरून आत घेणं सोपं होतं, मला दोन ओळी लिहिणं कठीण होतं. बाबांची काठी, गावचे बांध, सगळं तू मोजलंस. माझं काय होतंय ते मोजलं नाहीस.

बाबांचं पत्र वाचून मी रडले. त्यांना सांग, माझा त्यांच्यावर राग नव्हता आणि नाही. तुझ्यावर आहे.

आग्नेलला तार केली आहे. फ्लॉसीला पाठवा. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तू मला यंदाच्या नाताळला भेटायला येऊ नकोस, मी गावी नसेन, ड्यूटी मागून घेतली आहे.

सेलिन

*

पानआळी
२ जानेवारी १९८४

प्रिय सेलिन,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

नोंदणीचा कागद नाताळच्या आधी आला. तिथल्या कारकुनानं माझी एकोणीस पानं परत केली आणि एकच पान ठेवून घेतलं. फ्लॉसीचा फॉर्म मुदतीत गेला होता, तोही मंजूर झाला. तिचा पहिला सामना शनिवार, २१ जानेवारीला सकाळी नऊ वाजता आहे. १९७४ चाच जिमखाना. आग्नेल तिला घेऊन जाईल. मी जाणार नाही. तेव्हा मी तुझ्याबरोबर होतो, आणि बरोबर असून काही कामाचा नव्हतो.

रोज संध्याकाळी ती दोन तास खेळते. बाबा कुडापाशी खुर्ची टाकून बसतात आणि बॉल आत की बाहेर ते ओरडतात. निकाल नेहमी तिच्या बाजूनं देतात, त्यामुळे पंच म्हणून उपयोग शून्य.

हरेश्वर

*

बडोदे
२६ जानेवारी १९८४

प्रिय हरेश्वर,

आग्नेलनं तुला निकाल सांगितला असेल. पण त्याला तू काही विचारू नकोस, तो पूर्णवेळ डोळे मिटून जपमाळ ओढत होता. मी सांगते. हो, मी गेले होते. दोन दिवसांची रजा काढली, शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीला बसले आणि कोणालाही न कळवता डोक्यावर ओढणी घेऊन मागच्या बाकावर बसले. ठरवलं होतं की रडारड झाली तर पोरीला उचलायला कोणीतरी हवं. मला उचलायला कोणी नव्हतं, असं नाही, तू होतास. पण तू स्वतःच पांढराफटक पडला होतास.

पहिलाच खेळ. फ्लॉसीनं एक लांब बॉल मारला, अगदी मागच्या रेषेकडे. मी मान खाली घातली आणि वाट बघत राहिले. 'आउट' आलंच नाही. खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "पंधरा–शून्य." मी वर बघितलं, तर ती पुढच्या सर्व्हिसला तयार. तिला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. बॉल आत पडतात, एवढंच तिला माहीत. मी ओढणी तोंडात धरली. शेजारच्या पारशी बाईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, तुमची मुलगी का? मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार?

ती तो सामना ६–४, ३–६, ७–५ असा जिंकली. मग मी पुढे गेले. ती घामेजलेली माझ्या गळ्यात पडली आणि आग्नेलच्या हातून जपमाळ खाली पडली.

रविवारी ती हरली. ६–४, ७–५. समोरची मुलगी दोन वर्षांनी मोठी आणि चांगली होती. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते, दहा वर्षं जे मला कोणी म्हणायला हवं होतं ते सगळे. ती आली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आत्या, तिचा बॅकहँड कच्चा हाय. मना दुसऱ्या सेटमध्ये कललं. आधीपासून तिथंच मारायला पायजे होतं ना?" मग म्हणाली, भूक लागली. मी माझे शब्द तसेच गिळले. हरणं एवढंसंच असतं, हरेश्वर. सामोसे खाऊन संपतं. मला वाटत होतं त्यात माणूस आख्खा जातो.

संध्याकाळी बाहेरचं एक कोर्ट रिकामं होतं. तिथला माळी म्हणाला, अर्धा तास खेळा. फ्लॉसीनं दुसरी रॅकेट माझ्या हातात कोंबली. मी साडीचा पदर खोचला, चपला काढल्या. पहिला बॉल बाहेर. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे बाहेर, आणि सगळे साधारण एकाच जागी. फ्लॉसी जाळ्यापलीकडून ओरडली, "आत्या, आत्मारामबाबांच्या रेघेवर मारतेस तू!" मी इतकी हसले की बसावं लागलं. एवढी वर्षं माझ्या हातानं ते माप सांभाळून ठेवलं होतं. मग उठले आणि पुन्हा मारायला लागले. किती मारले मोजले नाहीत. अंधार पडायच्या आधी सहा लागोपाठ आत पडले. माळ्याला वाटलं असेल बाईला वेड लागलं.

आता माझा राग. तो गेलेला नाही. कमी झालाय का, तेही मला अजून सांगता येत नाही. पण मी तो इथे बडोद्यात सांभाळत बसणार नाही. मे महिन्यात एक महिन्याची रजा मंजूर झाली आहे. आत्मारामबाबांना सांग, पहिल्या दिवशी त्यांच्या पाया पडायला येते. तुझ्या बायकोला सांग, लाडू कर. आणि संध्याकाळच्या खेळाची यादी तू लावतोस ना, त्यात दुसऱ्या दिवसापासून माझं नाव लिही. समोर तुझं. तीन सेट. जास्तीची बोटं नको, मुठी नको, दया तर मुळीच नको. मी तुला हरवणार आहे, आणि त्यानंतर आपण बोलू.

आतापासून पळायला लाग.

तुझी,
सेलिन